पिलूबाईंचं लोखंड



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, विषय माझ्या आवडीचा. सॉफ्टवेअरवर बोलले तर अर्धे जण तर्रीपोह्यांकडे वळतील, म्हणून एका शिल्पकार बाईंबद्दल बोलते. पिलू पोचखानवाला. रामदासपेठेतल्या आपल्या वर्गात शिल्पकार म्हटलं की म्हात्रे, करमरकर ही नावं यायची. हे काम बाईचंही असतं, असं कुणी सांगितलं नाही.

पिलूबाईंचा जन्म 1923 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी जाहिरात क्षेत्रातली. 1951 साली कामानिमित्त युरोपात गेल्या, तिथली आधुनिक शिल्पं पाहिली आणि शिल्पकलेकडे वळल्या. एन. जी. पानसरे यांच्याकडे धडे घेतले. लाकूड, काँक्रीट हाताळलं आणि पुढे भंगारातलं लोखंड वेल्डिंगने जोडायला लागल्या.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आम्हीही वेल्डिंग केलंय. दोन पट्ट्या जोडायच्या, एवढाच जॉब. उष्णता जास्त झाली की पातळ पत्र्याला भोक पडतं. कमी झाली तर जोड वरून झकास दिसतो आणि हातोडा मारला की सुटतो. शिवाय थंड होताना धातू आकसतो, पट्टी वाकते. भंगारात तर प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी, गंज वेगळा. अशा तुकड्यांतून तोल सांभाळून उभं राहणारं शिल्प करणं हे पक्कं तांत्रिक काम आहे. अशा कामाचं कौतुक 'स्त्री असूनही' अशा शब्दांत झालं की मला खटकतं. बाईने धरला म्हणून वेल्डिंगचा रॉड काही कमी तापत नाही!

मुंबईत आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय व्हावं म्हणून त्यांनी खूप खटपट केली. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते 1996 साली सुरू झालं. पिलूबाई 1986 मध्येच गेल्या होत्या. हाजीअलीच्या चौकात त्यांचं 'स्पार्क' नावाचं शिल्प होतं, तेही पुढे तिथून हटवलं गेलं. रोज त्या चौकातून जाणाऱ्याला 'हे कुणी केलं?' असं विचारायलाही काही उरलं नाही.

आता शाळेच्या निधीबद्दल. संगणक कक्षाला पैसे मिळतील, आमच्या क्षेत्रातली मंडळी ते देतातच. माझी वर्गणी मात्र चित्रकलेच्या खोलीसाठी आहे : माती, प्लास्टर, अवजारं आणि भिंतीवर शिल्पांचे मोठे फोटो. त्यातला एक पिलूबाईंच्या शिल्पाचा असावा, एवढीच माझी अट. तो पाहून आठवीतल्या एखाद्या मुलीने वेल्डिंगचा मुखवटा कुठे मिळतो असं विचारलं, तर इतवारीतून आणून द्यायला मी तयार आहे.