यंत्रातला रोगी

औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अजूनही खल, बत्ता, तराजू आणि काचेच्या नळ्या उभ्या राहतात. ते सर्व अद्याप नाहीसे झालेले नाही. परंतु परीक्षेचा मोहरा मात्र पालटला आहे. २००८ साली आपल्याकडे ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील अखेरचे वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे असते. पुढे २०१५ च्या नियमांनी, चिठ्ठीवरील औषध देताना रोग्याला त्याविषयी नीट समजावून सांगण्याची जबाबदारी नोंदणीकृत फार्मासिस्टवर टाकली. म्हणजे द्रव्यांची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला आता माणसांसमोरही परीक्षा द्यावयाची आहे.

या परीक्षेची एक पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे निघाली. रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. ओळीने ठाणी मांडलेली असतात. प्रत्येक ठाण्यावर एक निराळे काम आणि ठरलेली मिनिटे. घंटा झाली की विद्यार्थ्याने पुढच्या ठाण्यावर जावयाचे. मुलांच्या संगीत-खुर्चीची आठवण यावी असाच हा प्रकार, फरक इतकाच की येथे खुर्चीवर आधीच कोणी तरी बसलेले असते! तो असतो रोग्याचे सोंग घेतलेला निरोगी मनुष्य. ही कल्पनाही जुनीच आहे. लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुरोगांच्या अध्यापकाने १९६३ साली असा शिकवून तयार केलेला रोगी विद्यार्थ्यांपुढे बसविला होता. आज कॅनडात फार्मासिस्टचा परवाना मिळविण्यासाठीही अशा ठाण्यांतून जावे लागते.

आता या सोंगाडी रोग्याला एक नवा प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ लोकांच्या हाती आले, आणि त्याच्या पाठोपाठ त्या जातीची इतर साधनेही आली. विद्यार्थी रात्री खोलीत बसून त्या यंत्राला सांगतो, ‘तू साठ वर्षांचा दमेकरी हो, मी तुला श्वासातून घ्यावयाचे औषध समजावतो, संपले की माझ्या चुका काढ.’ यंत्र दमेकरी होते! ते कंटाळत नाही, हसत नाही, दहाव्या खेपेसही तितक्याच सौजन्याने खोकते. या सोयीला नाके मुरडण्याचे मला तरी कारण दिसत नाही. मराठी शाळेतून आलेली, चारचौघांत तोंड उघडावयास संकोचणारी एखादी मुलगी या निर्जीव श्रोत्यापुढे पन्नास वेळा बोलून पाहू शकते. पूर्वी हे भाग्य फक्त ज्याच्या घरी डॉक्टर काका असत त्याला लाभे.

परंतु दमेकऱ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. पंपाची डबी हलवावी, श्वास पूर्ण सोडावा, डबी दाबता दाबता सावकाश आत ओढावा, सुमारे दहा सेकंद रोखावा आणि औषध स्टेरॉइडचे असल्यास नंतर चूळ भरावी, हे विद्यार्थ्याने लिहिले की शब्दांवर चालणारे यंत्र त्याला पूर्ण गुण देते. त्याच विद्यार्थ्याच्या हाती डबी द्या. श्वास ओढून झाल्यावर तो ती दाबतो! औषध तोंडातच राहते. शब्द बरोबर होते, चुकला तो हात. आणि हात त्या यंत्राने पाहिलाच नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आमवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. तोच डोस रोज घेतल्यामुळे रोगी दगावल्याची उदाहरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत. यंत्रातला रोगी ‘आठवड्यातून एकदा’ हे ऐकताच ‘समजले’ म्हणतो. खरा रोगीही ‘समजले’च म्हणतो, आणि घरी जाऊन इतर गोळ्यांप्रमाणे तीही रोज घेऊ लागतो. म्हणून वार ठरवून द्यावा, तो चिठ्ठीवर लिहावा आणि ‘मावशी, आता तुम्ही मला सांगा बरे, ही गोळी केव्हा घ्यायची?’ असे विचारून उत्तर तिच्याच तोंडून घ्यावे. हा एक प्रश्न ज्याच्या जिभेवर बसला नाही, त्याची बाकीची तयारी कितीही चोख असो, ती अपुरी होय.

यंत्राची विद्या पुष्कळशी परदेशी पुस्तकांतली आहे, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी वळणाने ते पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणून जाते. रक्तातील साखर इंग्लंडच्या मापाने सात सांगितली, तर आपल्या मापाने ती सुमारे एकशे सव्वीस होते. सातचा आकडा ऐकून आपला रोगी बिचारा घाबरून जावयाचा! आणि एकादशीचे काय? ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे आजोबा सकाळी नेमाने गोळी घेतात आणि दिवसभर निर्जळी करतात. दुपारी घाम, थरथर, घेरी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे सर्वांनाच लागू पडत नाही. उपवासाची चौकशी आपण होऊन करण्याचे यंत्राला सहसा सुचत नाही. ते विद्यार्थ्यानेच त्याला शिकवावे लागते. बेळगावात तर रोगी एक वाक्य मराठीत आणि दुसरे कानडीत बोलतो, त्याचीही तालीम याच जोडीने करून घ्यावी.

शिवाय यंत्र चुकते तेव्हा अडखळत नाही. चुकीचा डोसही ते बरोबर डोसाच्याच ठामपणे सांगते. म्हणून त्याने दिलेला प्रत्येक आकडा ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’सारख्या ग्रंथाशी ताडून पाहण्याची शिस्त अध्यापकांनी प्रथम लावावी, मग खुशाल यंत्र वापरू द्यावे. उमेदवारीच्या वर्षात खऱ्या रोग्याचे नाव, कागद वा छायाचित्र त्या यंत्रात घालण्यास मात्र साफ बंदी असावी. रोग्याने आपले दुखणे सांगितले ते रुग्णालयाला, कोणा परक्या कंपनीला नव्हे.

अध्यापकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांनी यंत्र बाजूस ठेवून परस्परांचे रोगी व्हावे, आणि रोगी झालेल्याने थोडे खोटे बोलावे: दारू लपवावी, वैद्याची पुडी लपवावी, ऐकू कमी येते हे लपवावे. समोरच्याने ते हुडकून काढावयाचे. या तासाला डबी, पट्टी आणि रिकामे पाकीट टेबलावर असावे, म्हणजे हातही परीक्षेला बसतील.