उघड्या डोक्याचा प्रवास

१३ मे १९३५ रोजीं इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांत एक मनुष्य मोटारसायकलीवरून आपल्या लहानशा घराकडे परत चालला होता. जवळच्या बॉव्हिंग्टन छावणींतील पोस्टांतून त्यानें एका मित्राला तार केली होती, आणि घर आतां अगदीं टप्प्यांत आलें होतें. रस्ता रोजच्या ओळखीचा होता. वाटेंत एके ठिकाणीं रस्ता खोलगट होता आणि त्या खोलगटींत सायकलीवरून चाललेलीं दोन मुलें होतीं. तीं त्याला वेळेवर दिसलीं नाहींत. दिसलीं तेव्हां त्यांना वांचविण्यासाठीं त्यानें गाडी एकदम वळविली, आणि तो स्वतः हातदांड्यावरून पुढें फेंकला गेला. मुलें वांचलीं. तो मनुष्य मात्र पुनः शुद्धीवर आला नाहीं. सहाव्या दिवशीं, १९ मे रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें.

हा मनुष्य म्हणजे टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या उठावांत त्यानें जें कार्य केलें त्यामुळें ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून तो जगभर प्रसिद्ध झाला होता. पुढें कीर्तीला कंटाळून तो नांव बदलून विमानदलांत साधा शिपाई म्हणून राहिला, आणि १९२७ व १९२८ सालीं त्याच नोकरीच्या निमित्तानें कराची व मिरानशाह येथेंहि होता. मोटारसायकल हें त्याचें मोठें वेड होतें. ब्रफ सुपीरियर या उंची बनावटीच्या सात गाड्या त्यानें एकामागून एक वापरल्या, आणि आठवीची मागणी नोंदवून ठेविली होती. म्हणजे गाडी चालविण्यांत तो नवशिका नव्हता, रस्ता अनोळखी नव्हता, आणि गाडीहि हलक्या प्रतीची नव्हती. जो अपघात त्याच्यासारख्याला टाळतां आला नाहीं, तो केवळ हातांतील कौशल्याच्या बळावर टाळतां येईल असें मानणें किती धाडसाचें आहे, हें या एका उदाहरणावरून दिसून येतें.

लॉरेन्सवर उपचार करण्यासाठीं जे वैद्य बोलाविले गेले त्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पुढें ऑक्सफर्ड येथें शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झाला. रोग्याला वांचविणें त्याच्या हातीं राहिलें नव्हतें. परंतु असा मृत्यु टाळतां आला असता काय, हा प्रश्न त्यानें सोडला नाहीं. लवकरच दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि त्याला उत्तर शोधण्याची संधि मिळाली. लष्करी निरोप पोंचविणारे स्वार रात्रंदिवस मोटारसायकलींवरून धांवूं लागले. शत्रूच्या विमानांच्या भीतीनें रस्ते अंधारांत बुडाले होते. पेट्रोलचें नियंत्रण झालें असूनहि मोटारसायकलींवरचे मृत्यु वाढले. युद्धापूर्वींच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें १,८८४ स्वार व त्यांच्या मागें बसणारे मरण पावले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ही संख्या २,२७९ झाली.

केर्न्स यानें या अपघातांचा अभ्यास करून ४ ऑक्टोबर १९४१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आपला लेख प्रसिद्ध केला. मरणाचें प्रमुख कारण डोक्याचा मार हेंच आहे, असें त्याला आढळून आलें. त्याच्या पाहण्यांत शिरस्त्राण घातलेले जखमी स्वार अवघे सात आले, आणि ते सातहि जगले होते. सात ही संख्या लहान आहे हें त्यालाहि ठाऊक होतें. म्हणून पुढें कित्येक वर्षें तो आंकडे जमवीतच राहिला. परंतु ब्रिटिश सैन्यानें अधिक वाट पाहिली नाहीं. नोव्हेंबर १९४१ मध्येंच कामावरील प्रत्येक मोटारसायकलस्वाराला शिरस्त्राण घालण्याचा हुकूम निघाला. नागरिकांसाठीं तसा कायदा होण्यास मात्र ब्रिटनमध्यें १९७३ साल उजाडावें लागलें. ज्ञान मिळालें म्हणजे तें आचरणांत उतरतेंच असें नाहीं, हें तेथेंहि दिसून आलें.

मोटारसायकलीचा धोका नेमका कोठें आहे, हें आतां पाहिलें पाहिजे. मोटारींत बसलेल्या मनुष्याभोंवतीं पोलादाचा सांगाडा असतो आणि अंगाला पट्टा असतो. मोटारसायकलस्वाराभोंवतीं हवेवांचून दुसरें कांहीं नसतें. जो आघात मोटारींत पत्र्यानें सोसावयाचा, तो येथें हाडामांसानें सोसावयाचा असतो. शिवाय दोन चाकांची गाडी आपण होऊन उभी राहात नाहीं. वाळू, ओला चिखल, सांडलेलें तेल किंवा रस्त्यांतील खड्डा यांमुळें मोटार थोडी घसरेल. मोटारसायकल आडवीच पडते.

यांत वेगाची भर पडते. ताशीं ६० किलोमीटर हा वेग आजच्या तरुणाला वेगच वाटत नाहीं. परंतु या वेगानें गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. समोर एकाएकीं कुत्रें आडवें आलें तर तें दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकांनींहि गाडी थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. रस्ता ओला असेल तर हें अंतर याहूनहि वाढतें. गणितच करावयाचें तर, ताशीं ६० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें हें सुमारें १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खालीं पडण्यासारखें आहे. वेग निम्मा केला तर ही उंची निम्मी होत नाहीं. ती चौथाईवर, म्हणजे साडेतीन मीटरांवर येते. वेग थोडासाच कमी करावा असें जाणते लोक सांगतात, त्यांतील मर्म हेंच आहे.

शिरस्त्राण, म्हणजे आज ज्याला सर्वत्र हेल्मेट म्हणतात तें, या आघातांत काय करतें? मेंदू हा अतिशय मऊ अवयव असून तो कवटीच्या आंत द्रवांत तरंगत असतो. डोकें एकदम थांबलें कीं मेंदू कवटीच्या आंतील बाजूवर आपटतो. शिरस्त्राणाचें बाहेरचें कठीण कवच आघात एका जागीं न ठेवतां पसरवून देतें, आणि आंतील थर्मोकोलसारखें अस्तर स्वतः चेंगरून डोक्याला थांबण्यास किंचित् अधिक वेळ देतें. हा वेळ सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांइतकाच असतो. परंतु जीवनमरणाचा निकाल पुष्कळदां तेवढ्यांतच लागतो. चेंगरलेलें अस्तर पुनः पूर्ववत् होत नाहीं, म्हणून एकदां जोराचा मार खाल्लेलें शिरस्त्राण टाकून द्यावें. हनुवटीखालचा पट्टा न बांधतां घातलेलें शिरस्त्राण अपघाताच्या क्षणीं डोक्यापूर्वींच उडून जातें. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ सालीं जो निष्कर्ष काढण्यांत आला, त्याप्रमाणें शिरस्त्राणामुळें स्वाराच्या मृत्यूचा धोका शेंकडा ४२ नें व डोक्याच्या इजेचा धोका शेंकडा ६९ नें कमी होतो. इतक्या अल्प खर्चांत इतकें संरक्षण देणारी दुसरी वस्तु क्वचितच सांपडेल.

भारतांतील परिस्थिति काय सांगते? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं ७४,८९७, म्हणजे शेंकडा ४४ हून अधिक, दुचाकीवरचीं होतीं. शिरस्त्राण न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत १४,३३७ माणसें गाडी चालविणारीं नसून मागें बसलेलीं होतीं. मागें बसणाऱ्याला शिरस्त्राणाची गरज नाहीं असा जो समज घरोघरीं आढळतो, त्याचें हें उत्तर आहे. रस्त्यावर पडतांना दगड पुढच्याचें डोकें व मागच्याचें डोकें असा भेद करीत नाहीं.

तरुणांच्या बाबतींत धोका अधिक कां, याचाहि विचार केला पाहिजे. वेगाची आवड हा तारुण्याचा दोष नव्हे. तो त्या वयाचा स्वभावच आहे. परंतु पुढचा परिणाम ओळखून मनाला आवर घालणारा जो मेंदूचा पुढचा भाग, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, असें शास्त्रज्ञ सांगतात. त्यांत अनुभवाची उणीव पडते. थांबलेल्या बसपुढून कोणी तरी धांवत येईल, उभ्या मोटारीचें दार अचानक उघडेल, पहिल्या पावसांत रस्ता निसरडा होईल, हें पुस्तकांतून नव्हे तर संवयीनें कळतें. आणि ती संवय लागण्यापूर्वींच हातांत बलाढ्य यंत्र येतें. मित्र बरोबर असले म्हणजे शर्यत लागते, एका गाडीवर ‘ट्रिपल सीट’ निघते, आणि खिशांतला फोन वाजला कीं तो मान वांकडी करून कानाशीं दाबला जातो. पांच ते २९ वर्षें या वयांत मृत्यूचें पहिलें कारण कोणताहि रोग नसून रस्त्यावरचा अपघात आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें आहे.

शिरस्त्राणाविरुद्धचे आक्षेप ठराविक आहेत. उकडतें, केंस गळतात, ऐकूं येत नाहीं, घर तर येथेंच आहे, असें लोक म्हणतात. पुण्यासारख्या सुशिक्षित आणि दुचाकींनीं भरलेल्या शहरांतहि शिरस्त्राणाच्या सक्तीला वारंवार विरोध झाला. उकाड्याची तक्रार खरी आहे, परंतु उकाडा घामानें जातो, मेंदूची इजा जात नाहीं. ‘घर येथेंच आहे’ या आक्षेपाला तर लॉरेन्सचा शेवटचा प्रवास हेंच उत्तर आहे. त्याचेंहि घर जवळच होतें.

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारानें, पुढें बसणाऱ्यानें तसेंच मागें बसणाऱ्यानें, शिरस्त्राण घालणें आवश्यक आहे. मागें बसणाराच्या पदराचा किंवा ओढणीचा चाकांत गुंता होऊं नये म्हणून मागील चाकाला आडोसा असावा, असाहि नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली. अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षेंपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. ही जबाबदारी घरच्या वडील माणसांची आहे, हें कायद्यानें अशा रीतीनें स्पष्ट शब्दांत सांगितलें.

परंतु पोलिस प्रत्येक वळणावर उभा राहूं शकत नाहीं. घर मात्र प्रत्येक मुलाच्या मागें उभें असतें. बारावीचा निकाल लागतो, कॉलेजांत नांव घातलें जातें, आणि घरांत गाडीचा विषय निघतो. बस वेळेवर येत नाहीं, क्लास दूर आहे, वर्गांतल्या सगळ्यांकडे गाडी आहे, हीं कारणें कांहीं अंशीं खरींहि असतात. आई नको म्हणते, वडील हप्त्यांचा हिशेब करतात, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारांत येते. तिला हळदकुंकू लागतें, हार पडतो, चाकाखालीं लिंबू चिरडलें जातें. तिच्याबरोबर आलेलें शिरस्त्राण मात्र चार दिवसांतच आरशाला लटकूं लागतें. गाडीची पूजा झाली. गाडीवर बसणाऱ्याची काळजी राहून गेली.

म्हणून गाडी घेण्यापूर्वींच घरांत कांहीं गोष्टी ठरल्या पाहिजेत. अठरा वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळाल्यावांचून किल्ली हातीं देऊं नये. पहिलें वर्ष मोठ्या शक्तीच्या गाडीचा हट्ट पुरवूं नये. भारतीय मानक संस्थेची खूण असलेलें, डोक्याला नीट बसणारें शिरस्त्राण मुलाला बरोबर नेऊन घ्यावें, आणि मागें बसणाऱ्यासाठीं दुसरेंहि घ्यावें. उशीर झाला तर घरीं कोणी रागावणार नाहीं, ही खात्री मुलाला असावी. कारण पुष्कळसा वेग हा बोलणीं खाण्याच्या भीतीनें वाढलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वडिलांनीं स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातांनाहि पट्टा बांधावा. मुलें सांगितलेलें थोडें ऐकतात. पाहिलेलें पुष्कळ करतात.

मोटारसायकल ही टाकाऊ वस्तु नव्हे. ती लाखों माणसांना कामावर नेते, दूधवाल्याला गांवांतून शहरांत आणते, आणि लहान कुटुंबाला स्वतःच्या पायांवर उभें करते. ती सोडून द्यावी असें कोणी म्हणत नाहीं. लॉरेन्सच्या काळीं शिरस्त्राण हें शर्यतींच्या मैदानापलीकडे फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. त्याच्या मृत्यूनें एका वैद्याला विचार करावयास लाविलें आणि त्या विचारानें असंख्य लोक वांचले. आजच्या तरुणाला तें सर्व आयतें मिळालें आहे. तें त्याच्या कोपराला न अडकतां डोक्यावर बसावें, एवढें पाहणें हें प्रत्येक घराचें रोजचें काम आहे.