मतपेटीवरचे चित्र

१९५१ च्या जनगणनेप्रमाणे भारतात शंभरांपैकी सुमारे १८ माणसांनाच लिहितावाचता येत होते. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस प्रारंभ झाला. मतदार सतरा कोटींहून अधिक. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, त्यांनी मत द्यावे कसे? साक्षर होईपर्यंत त्यांना दाराबाहेर थांबवावे, हा मार्ग संविधानाने बंदच केला होता. तेव्हा बदलावी लागली ती मतदानाची रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यात आली आणि तिच्यावर बैलजोडी, वडाचे झाड, दिवा अशी नित्य परिचयाची चिन्हे लावण्यात आली.

पुढे वेगळ्या पेट्या गेल्या, साक्षरता वाढली, यंत्रे आली. चिन्ह मात्र राहिले. कारण निरक्षरांसाठी केलेली ही सोय विद्वानांच्याही उपयोगी पडली. नागपूरचा एखादा प्राध्यापक कोलकात्यास स्थायिक झाला, तर बंगाली लिपीपुढे त्याची पदवी काय कामाची? चष्मा घरी विसरलेला गृहस्थ किंवा एकाच नावाचे दोन उमेदवार पाहून गोंधळलेला मतदार, यांनाही आधार चिन्हाचाच. माणसाची असमर्थता पुष्कळदा त्याच्या अंगी नसते. त्याच्यापुढे ठेवलेल्या वस्तूच्या घडणीत ती असते.

मतदानकेंद्राच्या पायऱ्यांशेजारी केलेल्या उताराचेही असेच आहे. तो चाकांच्या खुर्चीसाठी म्हणून केलेला; पण गुडघे धरलेल्या आजीबाई आणि कडेवर मूल घेतलेली आई यांचीही पावले तिकडेच वळतात.

प्रत्येक सोय सर्वांना अशी थेट उपयोगी पडते, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. मतदानयंत्रावरील ब्रेल अंक डोळस माणसाच्या कामाचे नाहीत. परंतु अंध मतदाराचे बटण दुसऱ्यानेच दाबायचे ठरले, तर त्याचे मत गुप्त राहत नाही; सांगितले तेच बटण दाबले गेले की नाही, हेही त्याला कळत नाही. आणि काहींच्या मतांविषयी अशी शंका उरली, तर निकालावर इतरांनी तरी निःशंक विश्वास कसा ठेवावा?

म्हणून इमारतीचा आराखडा असो वा अर्जाचा नमुना, ज्याचे सर्वांत अधिक अडते त्याचा विचार आरंभीच व्हावा. उतार मागाहून करायचा, तर बांधलेल्या पायऱ्या फोडाव्या लागतात.