मुंबईचे माझे मानकरी



मुंबईचे नामवंत कोण, असे विचारले की लोक पुतळे मोजू लागतात. मी युनियनचा माणूस. मी विचारतो, यांच्यामुळे कष्टकऱ्याच्या पदरात काय पडले?

माझे पहिले मानकरी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले आणि मागणीचा पिच्छा सोडला नाही. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली.

ही सुटी नुसती झोपेची नव्हती. माणसाला फुरसत मिळाली की तो वाचतो, गातो, विचार करतो. गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली. नारायण सुर्व्यांना तर एका गिरणी कामगाराने अनाथ पोर म्हणून घरी आणले. १९६६ साली त्यांनी 'माझे विद्यापीठ' दिले. आणि आपल्या काळात नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने जपला.

आता गिरण्यांचे भोंगे थांबले. पण फोनवरच्या हुकमासरशी दारोदार जेवण पोचवणारी पोरे पाहा. फेरी केली तर पैसे; रविवारी घरी बसले तर काही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळवलेला रविवार त्यांच्या हातून निसटला आहे.

मंडळी, लोखंड्यांचे स्मरण करायचे तर हार पुरे नाहीत. त्या पोरांचा रविवार मागायला उभे राहा.