संस्थेची सभा आणि आपला विद्यार्थी

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निकाल, शिष्यवृत्ती आणि इमारत या विषयांवर बोलणारे वक्ते आपल्या मेळाव्यांत पुष्कळ असतात. मला मात्र अशा एका विषयावर बोलावयाचे आहे, ज्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. तो विषय म्हणजे संस्थेची सभा. आपण मुलाला कॉलेजात घालताना फी विचारता, निकाल विचारता, प्राध्यापक कसे आहेत याची चौकशी करता. परंतु या कॉलेजचे निर्णय कोण घेतो, ते कोठे बसून घेतो आणि त्या बैठकीत शिकविणाऱ्याला व शिकणाऱ्याला जागा आहे की नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

आपणास वाटेल, सभेचा आणि आमच्या मुलाचा काय संबंध? एक साधे उदाहरण घेऊ. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यात आठ तालुके. आमगाव, सालेकसा, तिरोडा येथील विद्यार्थ्यांना रेल्वेची सोय आहे. अर्जुनीकडचे बल्लारशाहच्या गाडीने येऊ शकतात. पण देवरीच्या मुलीला एसटीशिवाय गत्यंतर नाही. समजा, एखाद्या कॉलेजच्या सभेत ठराव झाला की यापुढे वर्ग सकाळी साडेसातला भरतील. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. त्या खोलीत बसलेल्या सर्वांची घरे गावातच आहेत. देवरीची मुलगी पहिल्या दोन तासांना कधीच पोचणार नाही, हे तेथे सांगणार कोण? ते सांगू शकतो हजेरी घेणारा शिक्षक. पण त्याला सभेत जागाच नसेल, तर ती मुलगी वर्षाअखेरीस ‘गैरहजर’ ठरते आणि आपण म्हणतो की मुलींना शिक्षणाची आवड नाही!

सभेची किंमत अशी असते. म्हणून हा विषय पदाधिकाऱ्यांपुरता नाही, घराघराचा आहे.

आता आपल्या बाबतीत एक विशेष गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. भारतीय राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. परंतु कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

पुढे १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा खटला नऊ न्यायाधीशांपुढे आला. गुजरात विद्यापीठाच्या कायद्यात अशी तरतूद झाली होती की, प्रत्येक कॉलेजच्या नियामक मंडळावर विद्यापीठाचा प्रतिनिधी असावा, तसेच शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी यांचेही प्रतिनिधी असावेत. अल्पसंख्याकांच्या कॉलेजवर ही सक्ती करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

या निर्णयाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावयासही हवा. पण त्याचा खरा अर्थ काय? नियामक मंडळात शिक्षकाला बसवा, अशी सक्ती न्यायालयाने होऊ दिली नाही. शिक्षकाला बसवू नका, असे मात्र त्याने कोठेही म्हटले नाही. म्हणजे हा प्रश्न कायद्याच्या हातून निघून आपल्या हाती आला. जे इतरांना कायद्याच्या धाकाने करावे लागते, ते आपण आपल्या राजीखुशीने करावयाचे, एवढाच त्या स्वातंत्र्याचा अर्थ आहे. मशवरा हा शब्द आपल्या घरात लहानपणापासून कानावर पडतो. लग्नाची बोलणी असोत वा दुकानाची भागीदारी, आपण चार जाणत्यांना विचारतो. मग कॉलेजच्या बाबतीतच तो शब्द आपण का विसरावा?

मंडळी, सभा नीट चालली नाही तर मोठमोठ्या माणसांच्या संस्थांनाही त्रास भोगावा लागतो. इतिहासातील दोन उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले अलीगढचे. १८७५ साली अलीगढला मदरसा सुरू झाला, तेव्हा सर सय्यद अहमद खान नोकरीनिमित्त बनारसला होते. अलीगढमध्ये राहून शाळा प्रत्यक्ष सुरू करण्याचे काम मौलवी समीउल्ला खान यांनी केले. पुढे शाळेचे कॉलेज झाले आणि १८८९ साली कारभारासाठी ट्रस्टींचा कायदा करण्याचे ठरले. त्यात सर सय्यद यांचे पुत्र सय्यद महमूद यांना सहचिटणीस नेमावे आणि वडिलांच्या पश्चात चिटणीसपद त्यांच्याकडे जावे, अशी योजना होती. यात सर सय्यद यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्यामागे कॉलेजचे धोरण बदलू नये आणि इंग्रज प्राध्यापकांचा विश्वास टिकून राहावा, ही त्यांची काळजी होती. परंतु समीउल्ला खान यांना हे पटले नाही. पुढे विकार-उल-मुल्क म्हणून प्रसिद्धीस आलेले मुश्ताक हुसेन यांनीही विरोध केला. कायदा मंजूर झाला आणि समीउल्ला खान कॉलेजपासून दूर गेले.

पुढे काय घडले पाहा. १८९५ साली कॉलेजच्या हेडक्लार्कने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले. त्या काळचे एक लाख! हिशोब वेळच्या वेळी जागरूक सभेपुढे येत गेले असते, तर ही रक्कम एवढी फुगली नसती, असे मला वाटते. १८९८ साली सर सय्यद यांचे निधन झाले. ठरल्याप्रमाणे चिटणीसपद सय्यद महमूद यांच्याकडे गेले. पण १८९९ मध्येच ते मोहसिन-उल-मुल्क यांच्याकडे द्यावे लागले. आणि १९०७ साली त्यांच्या निधनानंतर कॉलेजचे चिटणीस कोण झाले? तेच विकार-उल-मुल्क, ज्यांनी अठरा वर्षांपूर्वी विरोधाचा आवाज उठविला होता. विरोध करणारा संस्थेचा शत्रू नसतो, हे यावरून दिसून येते. वेळ येते तेव्हा संस्थेला त्याचीही गरज पडते.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील, पुण्याचे. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी तरुणांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. या संस्थेची रचना पाहण्यासारखी होती. जे शिकवीत, तेच आजीव सभासद म्हणून अंतर्गत कारभार पाहत. थोड्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची ते प्रतिज्ञा करीत. पगार पंचाहत्तर रुपये.

म्हणजे तेथे शिक्षकांचेच राज्य होते. मग भांडणे झाली नाहीत काय? झाली, आणि कडाक्याची झाली. वेतन वाढवावे की नाही, आजीव सभासदाने बाहेरची कामे करून मिळकत करावी की नाही, या प्रश्नांवर टिळक व आगरकर यांचे पक्ष पडले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा टिळकांनी त्यासही हरकत घेतली. सामाजिक सुधारणेचा वाद होताच. शेवटी डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि आपली बाजू सविस्तर लिहून संस्थेपुढे ठेवली.

शिक्षकांना सभेत घेतले की सर्व आलबेल होते, असे मी म्हणत नाही. शिक्षकही माणसेच आहेत. त्यांनाही मान हवा असतो, त्यांच्यातही गट पडतात. पण या भांडणातील एक गोष्ट ध्यानात घ्या. भांडण तत्त्वाचे होते, लेखी होते आणि ते संस्थेच्या नियमांवर चालले होते. म्हणूनच टिळकांसारखा माणूस निघून गेला, तरी कॉलेज बंद पडले नाही. १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले. गोखले १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. संस्था व्यक्तीपेक्षा मोठी ठरली, कारण ती नियमावर उभी होती.

आता आपल्या सभांकडे वळू. आपल्या भागातील अनेक लहान संस्थांच्या सभा कशा चालतात, हे आपण जाणता. नोटीस निघते, पण ती ठराविक घरीच पोचते. विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. ते वाचले जात नाही, कायम मात्र होते. शेवटचा विषय असतो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, आणि महत्त्वाचे सारे निर्णय नेमके याच विषयाखाली होतात! जे आले नाहीत त्यांच्या सह्यांसाठी प्रोसिडिंग बुक दुसऱ्या दिवशी घरोघर फिरते. ज्याला निर्णय पटलेला नसतो, तो सभेत गप्प बसतो आणि चहाच्या टपरीवर बोलतो.

ही टपरीवरची सभाच पुढे दोन गट निर्माण करते. मग निवडणूक होते, दोन्ही गट आपापले मंडळ खरे म्हणतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दोन बदल अर्ज दाखल होतात. निकाल लागेपर्यंत बँकेत सह्या कोणाच्या चालाव्यात, नेमणुकीच्या प्रस्तावावर सही कोणाची घ्यावी, हा घोळ सुरू राहतो. शिक्षकाची जागा रिकामी राहते आणि त्या जागेचा विषय शिकविल्याविना मुले परीक्षेला बसतात. भांडण मोठ्यांचे, किंमत देणारा विद्यार्थी!

यावर उपाय अवघड नाही. नमुना डोळ्यासमोर आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या ९७व्या कलमात महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. तीत व्यवस्थापनाचे अध्यक्ष व सचिव यांच्याबरोबर शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक असतात व त्यांपैकी किमान एक महिला असते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, चार स्थानिक सभासद व त्यांत किमान एक माजी विद्यार्थी, तसेच विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव असतात. प्राचार्य हे सदस्य-सचिव. वर्षातून निदान चार सभा झाल्या पाहिजेत. हा नमुना मनापासून उचलण्यास आपल्याला कोणीही मनाई केलेली नाही.

याशिवाय चार साध्या गोष्टी पाळाव्यात. नोटीस वेळेवर व सर्वांना मिळावी आणि शिक्षककक्षाच्या फळ्यावर लागावी. इतिवृत्त खरोखर वाचले जावे. नेमणूक, फी व पैशाचा कोणताही विषय ऐनवेळी घेतला जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा विरोध असेल त्याचा विरोध नावानिशी व कारणासह नोंदवून घ्यावा. विरोध लिहून ठेवला म्हणजे विरोधकाचा मान राहतो, त्याला टपरीवर जावे लागत नाही. आणि निर्णय चुकला, तर तो दुरुस्त करण्याचा मार्गही त्याच वहीत सापडतो. ‘सर्वानुमते’ हा शब्द ऐकावयास गोड आहे, पण धाकाने मिळविलेल्या एकमतापेक्षा प्रामाणिकपणे नोंदलेला एक विरोध संस्थेला अधिक उपयोगी पडतो.

शिक्षक बांधवांनाही माझी विनंती आहे. सभेत जागा मिळाली, तर ती केवळ आपल्या रजा व वेतनश्रेणीसाठी वापरू नका. हजेरीपट तुमच्या हाती असतो. कोण का येत नाही, कोणाची पुस्तके झाली नाहीत, कोणाची फी थकली आहे, हे सभेत सांगणे हे तुमचे पहिले काम आहे.

पालक बंधू-भगिनींनो, आपण सभासद असाल तर वार्षिक सभेला या. धानाची कापणी असते, दुकान असते, हे मला ठाऊक आहे. तरी वर्षातील एक दिवस द्या. हिशोबाचा कागद मागून घ्या. मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. भगिनींनो, आपण शिकलेल्या आहात, मुलींच्या अडचणी आपल्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत. सभासदत्वाचा अर्ज आपणही भरा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज वर्गप्रतिनिधी निवडताना तुम्ही जे शिकता, तेच उद्या येथे घेऊन येणार आहात. आवाज न चढवता आपले मत मांडणे, दुसऱ्याचे पूर्ण ऐकणे, आपल्या विरुद्ध ठराव झाला तरी काम न सोडणे, हा अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात नाही. तो सभेतच शिकावा लागतो. काही वर्षांनी या मंडळावर तुम्ही बसाल. तेव्हा कोणी एक शिक्षक उभा राहून म्हणेल, ‘साहेब, मला हा ठराव मान्य नाही.’ त्या वेळी त्याला खाली बसवू नका. त्याचे म्हणणे वहीत लिहून घ्या.