भूमी अभिलेखांच्या नोंदी वेगाने भरण्याविषयी
(ग्वाल्हेर येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेले भाषण)



मध्य प्रदेशाच्या भू-अभिलेख आयुक्तांचे कार्यालय पुष्कळ वर्षे आपल्या या ग्वाल्हेरातच राहिले आहे. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना प्रायोगिक तत्त्वावर आठ जिल्ह्यांत हाती घेतली. त्यांत शेजारचा मुरैना होता आणि महाराष्ट्रातील वर्धाही होता. इकडचा खसरा आणि तिकडचा सात-बारा यांनी ही वाट एकदमच धरली, असे म्हणावयास हरकत नाही.

संगणकात नोंदी भरण्याचे मोठे काम पुष्कळदा रात्री चालते. ते सकाळपर्यंत आटोपले नाही, तर उताऱ्यासाठी आलेला शेतकरी खिडकीपाशी तिष्ठत राहतो. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

विलंब कशाने होतो? आकडेमोड संगणकास जड जात नाही. परंतु प्रत्येक नोंद भरताच ती 'पक्की कर' अशी आज्ञा दिली, तर ती डिस्कवर उतरल्याची खात्री होईपर्यंत त्यास थांबावे लागते. तलाठ्याने एकेका फेरफारासाठी तहसिलीत खेप घालावी, तसेच हे. हजार नोंदींचा गठ्ठा करून तो एकदाच पक्का केला, तर हजार खेपांचे काम एका खेपेत होते. मात्र गठ्ठा फार मोठाही नसावा. शेवटच्या ओळीत चूक निघाली की तो सारा परत फिरतो, आणि तोवर इतरांची कामे अडून राहतात.

दुसरी गोष्ट इंडेक्सची, म्हणजे शोधसूचीची. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तीही बदलावी लागते. रिकाम्या टेबलात संपूर्ण जिल्हा भरावयाचा असल्यास सूची अखेरीस एकदाच करावी. दुरुस्त्यांच्या वेळी मात्र खातेक्रमांकाची सूची काढू नये. ती नसेल तर एक नाव बदलण्यासाठी सारे टेबल चाळले जाते.

येथे माझीच एक चूक सांगतो. वेगाच्या मोहाने मी एकदा 'एक भूखंड, एकच नोंद' ही अटही काढून ठेवली. मध्यरात्री वीज गेली. काम पुन्हा पहिल्यापासून चालविले आणि कित्येक भूखंड दोनदा नोंदले गेले. ते निस्तरण्यास आठवडा गेला. तेव्हापासून आलेली माहिती मी प्रथम एका कच्च्या टेबलात उतरवितो, भूखंडांचे क्रमांक तेथे तपासतो, आणि मगच गठ्ठ्यागठ्ठ्याने मूळ टेबलात नव्या नोंदी घालतो व जुन्या बदलतो. कोणता गठ्ठा पक्का झाला, याची नोंद त्या गठ्ठ्याबरोबरच होते. त्यामुळे वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालते.

अखेरीस प्रत्येक गावाचे एकूण क्षेत्र कागदावरील बेरजेशी ताडून पाहावे. ती जुळली नाही, तर त्या गावाचे उतारे सकाळी खिडकीवर देऊ नयेत.