स्वतःपुरतं जॅझ

जॅझ म्हटलं की मुंबईतली मोठी हॉटेलं, ट्रम्पेट आणि नाचणारी जोडपी डोळ्यांपुढे येतात. पण हे संगीत आपल्या घरात केव्हाच आलं आहे. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ला संगीत दिलं, तेव्हा त्यांच्या सोबतीला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. त्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी ठेका धरला. त्यात जॅझ आहे हे ठाऊक नसल्यानं त्यांचं काही अडलं नाही.

हेच संगीत अकूस्टिक, म्हणजे वीज न लागणाऱ्या साध्या गिटारवर, घरी एकट्यालाही वाजवता येतं. पेटी वाजवणाऱ्याला त्याचं मर्म लगेच कळेल. सा, ग, प एकत्र वाजवा, स्वस्थ वाटतं. त्यात शुद्ध निषाद मिसळला की किंचित हुरहुर लागते. निषाद कोमल केला की पुढे कुठेतरी जायची ओढ लागते. जॅझ या ओढीवर चालतं. आपल्या रागात षड्ज स्थिर असतो. जॅझमध्ये सुरावटीखालची स्वरसंगती बदलत राहते आणि वाजवणाऱ्यानं तिच्याबरोबर वाट काढायची असते.

या गिटारचा आवाज लहान, ही तक्रार जुनीच. अमेरिकेतले फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात आले आणि १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत, जवळपास पन्नास वर्षं, अशीच गिटार वाजवत राहिले. एकट्यानं मिरवणं जवळजवळ नाहीच. मात्रेमागून मात्रा, शांत आघात. ट्रम्पेटांच्या गर्दीत ती गिटार फारशी ऐकू येत नसे, पण लय तिच्यावर तोललेली असे.

“कार्यक्रम कधी?” घरी वाजवणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. आता तर मोबाइलवर चित्रीकरण झाल्याशिवाय छंदही पुरा होत नाही. मुशायऱ्यातली दाद मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण दाद मिळाली की पुढची ओळ दादेसाठी लिहिली जाण्याचा धोका असतो. जात्यावर पहाटे ओवी गाणाऱ्या आयाबायांसमोर कोण रसिक बसले होते? त्या गायच्या, कारण दळण जड होतं आणि मन त्याहून जड.

नाशकातल्या कितीतरी घरांत मुलांसाठी घेतलेली गिटार कपाटावर धूळ खात असेल. ती खाली काढा, तारा बदला. पन्नाशीतली बोटं आठवडाभर दुखतील. मग एखाद्या संध्याकाळी तो कोमल निषाद नीट लागेल. ऐकणारे तुम्ही एकटेच असाल. तेवढे पुरे.